मैदान आधी, प्रेक्षागार नंतर

(मंडणगड येथे तालुक्यातील शिक्षक, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी ‘स्टेडियम’ हा विषय मी हेतुपुरस्सर निवडला आहे. मंडणगडसारख्या डोंगराळ तालुक्यात चार एकर सपाट जमीन एका तुकड्यात मिळणे हेच भाग्याचे समजावे लागते. अशा ठिकाणी हजारो प्रेक्षक सामावून घेणाऱ्या प्रचंड वास्तूंची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. परंतु राज्याच्या क्रीडा धोरणात विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर क्रीडा संकुले उभारण्याची योजना आहे, आणि गावोगावच्या ग्रामसभांतूनही क्रीडांगणाची मागणी होत असते. ही मागणी करताना आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते बहुधा दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या भव्य स्टेडियमचे असते. त्या चित्रातील पायऱ्या, कमान, दिवे आणि व्यासपीठ आपल्याला प्रथम दिसतात. खेळणारी मुले मागाहून दिसतात.

जगातील मोठ्या स्टेडियमांचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, तर प्रत्येक ठिकाणी अखेरीस तीन प्रश्न निर्णायक ठरल्याचे आढळते. तेथे बसावयास व खेळावयास कोणाला मिळाले? खर्च कोणी सोसला? आणि वर्षातील किती दिवस ती जागा लोकांच्या उपयोगी पडली? हे तीन प्रश्न न्यूयॉर्कला जसे लागू पडतात, तसेच मंडणगडलाही लागू पडतात. म्हणून या प्रश्नांच्या आधाराने आपण प्रथम जगाचा, मग महाराष्ट्राचा आणि शेवटी आपल्या तालुक्याचा विचार करू.

डोंगरउतारापासून दगडी कमानींपर्यंत

‘स्टेडियम’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. ‘स्टेडियन’ हे सहाशे ग्रीक फूट लांबीचे एक माप होते. तेवढ्या अंतराची धावण्याची शर्यत होत असे, म्हणून शर्यतीला आणि पुढे शर्यतीच्या जागेलाही तेच नाव पडले. ऑलिंपिया येथील धावपट्टी सुमारे १९२ मीटर लांबीची आहे. विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या ठिकाणी ऑलिंपिक सामन्यांचा उगम झाला, त्या ठिकाणी प्रेक्षकांसाठी दगडी पायऱ्यांचे बांधकाम नव्हते. पंचांची मोजकी आसने सोडली, तर हजारो लोक मातीच्या उतारावर बसून शर्यती पाहत असत. मात्र विवाहित स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. म्हणजे जागा साधी असली, तरी ती सर्वांची होती असे म्हणता येणार नाही.

रोमन लोकांनी या उताराची जागा दगड आणि काँक्रीट यांना दिली. इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसच्या कारकिर्दीत खुले झालेले रोमचे कलोसियम सुमारे पन्नास हजार प्रेक्षकांना सामावून घेत असे. त्याच्या तळमजल्यावरील ८० कमानींपैकी ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते. प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या कमानीतून आत जावयाचे आणि खेळ संपताच त्याच मार्गाने थोड्या वेळात बाहेर पडावयाचे, ही व्यवस्था आजही आपण आदर्श मानतो. परंतु आसनांची रचना समाजातील दर्जाप्रमाणे होती. पुढे सरदार, मागे सामान्य नागरिक, आणि सर्वांत वर स्त्रिया व गुलाम. वास्तुशास्त्राची एवढी प्रगती झाली, पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र जेथल्या तेथेच राहिले.

कोल्हापूरचे खासबाग मैदान

याच कलोसियमवरून एका मराठी राज्यकर्त्याला स्फूर्ती मिळाली. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोम येथील ती प्राचीन वास्तू पाहिली आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी असे मैदान असावे, हा विचार त्यांच्या मनात रुजला. १९०७ साली खासबाग मैदानाचे काम सुरू झाले आणि १९१२ साली ते पूर्ण झाले. बशीसारखा आकार, मध्यभागी कुस्तीचा आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. कोणत्याही बाजूस बसलेल्या शेवटच्या माणसालाही मल्लाचा डाव दिसावा, हा तिच्यामागील हेतू.

महाराजांनी वास्तूची कल्पना परदेशातून घेतली, पण खेळ मात्र आपल्या मातीतला ठेवला. शिवाय मैदान बांधण्याआधी त्यांनी मल्ल घडविले. तालमींना आश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची व्यवस्था केली, दूरदूरचे वस्ताद कोल्हापुरात आणले. मैदान भरण्यासाठी लागणारे खेळाडू आणि खेळ जाणणारे प्रेक्षक, दोन्ही तयार असताना खासबाग उभे राहिले. शतक उलटून गेले तरी कोल्हापूरकर त्याला आपले मानतात, याचे कारण केवळ त्याच्या दगडी बांधकामात शोधून चालणार नाही. मैदानाला लागूनच महाराजांनी नाट्यगृहही उभारले. तेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत त्याचे फार मोठे नुकसान झाले, तेव्हा साऱ्या शहराला घरचीच वास्तू जळाल्याचे दुःख झाले. लोकांच्या रोजच्या जीवनाशी जोडली गेलेली वास्तूच अशी आपुलकी मिळवू शकते.

अमेरिकेतील काँक्रीटचे युग

खासबागेचे काम चालू होते, त्याच सुमारास अमेरिकेत मोठ्या स्टेडियमांचे युग सुरू झाले होते. तेथील विद्यापीठांत फुटबॉलचा जो प्रकार खेळला जातो, त्यास अफाट गर्दी होऊ लागली. लाकडी बैठका आगीला बळी पडत किंवा गर्दीच्या भाराने कोसळत. त्यावर उपाय म्हणून हार्वर्ड विद्यापीठाने १९०३ साली लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे स्टेडियम बांधले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर या साहित्याचा वापर करणारे ते पहिल्या स्टेडियमांपैकी एक होय. १९१४ साली येल विद्यापीठाने वेगळी युक्ती योजली. जमीन खोदावयाची, निघालेल्या मातीचा सभोवार बांध घालावयाचा आणि त्या बांधावर बैठक रचावयाची. अशा रीतीने सुमारे ७० हजार प्रेक्षकांचे ‘येल बोल’ तयार झाले. ‘बोल’ म्हणजे वाडगा. कोल्हापूरची बशी त्याच्या दोन वर्षे आधी पूर्ण झाली होती, हे आपण अभिमानाने सांगावयास हरकत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर हुतात्म्यांची स्मारके म्हणून अनेक शहरांनी स्टेडियमे बांधली. लॉस एंजेलिस येथील मेमोरियल कलोसियम १९२३ साली खुले झाले. १९३२ आणि १९८४ या दोन्ही वर्षांचे ऑलिंपिक सामने तेथे झाले आणि २०२८ साठीही त्याचीच निवड झाली आहे. मिशिगन विद्यापीठाचे १९२७ सालचे स्टेडियम आज १ लाख ७ हजारांहून अधिक प्रेक्षकांना सामावून घेते. परंतु तेथे विद्यापीठाच्या संघाचे सामने वर्षातून सात-आठच होतात. १९६५ साली ह्यूस्टन शहरात संपूर्ण छप्पर असलेले ‘ॲस्ट्रोडोम’ उभे राहिले. छपराखाली गवत जगेना, म्हणून पुढच्याच वर्षी तेथे कृत्रिम गवत अंथरले गेले. खेळ, मेळावे, संगीताचे जलसे, प्रदर्शने असे सर्व काही एकाच छपराखाली, ही कल्पना तेथून जगभर पसरली.

या काळात खर्चाचा भार मात्र हळूहळू विद्यापीठांकडून आणि संघमालकांकडून नगरपालिकांकडे, म्हणजेच करदात्यांकडे सरकत गेला. सिअ‍ॅटल शहरातील ‘किंगडोम’ची हकिकत या दृष्टीने बोधप्रद आहे. सार्वजनिक रोखे विकून बांधलेले हे काँक्रीटच्या घुमटाचे स्टेडियम १९७६ साली खुले झाले. पंचवीस वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, २६ मार्च २००० रोजी ते सुरुंग लावून पाडण्यात आले, कारण संघांना अधिक आधुनिक जागा हवी होती. वास्तू धुळीस मिळाली, पण तिच्यावरील कर्जाची फेड पुढे २०१५ पर्यंत चालूच राहिली. जे लोक त्या काळात जन्मले, त्यांनी कधीही न पाहिलेल्या स्टेडियमचे हप्ते त्यांच्या शहराने भरले. अशा वास्तूंवर खर्च झालेला सार्वजनिक पैसा व्यापाराच्या रूपाने परत मिळतो हा दावा टिकत नाही, असा अमेरिकेतील बहुसंख्य अर्थशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

शेजारच्या कॅनडात मॉन्ट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी जे कर्ज काढले, ते फिटण्यास २००६ साल उजाडले. याउलट लॉस एंजेलिसने १९८४ साली साठ वर्षांचे जुने कलोसियम वापरले आणि सामन्यांतून शिल्लक राखली. एकाने नवे बांधून तीस वर्षे ऋण फेडले, दुसऱ्याने जुने सांभाळून लाभ मिळविला. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने हा फरक मनात ठेवावा असा आहे.

मुंबई : आसनांचा वाद

आता आपण आपल्या राज्याच्या राजधानीकडे वळू. मुंबईत बॅकबे येथे समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबर्न स्टेडियम बांधले. २२ मे १९३६ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लुम्ले यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. भारतातील क्रिकेटला पहिल्यांदाच इतके डौलदार घर लाभले.

परंतु त्या घरात पहिल्याच हंगामात वाद शिरला. त्या काळी मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन अशा जमातवार संघांचे सामने होत. १९३७ मध्ये ‘इतर’ हा पाचवा संघ दाखल होऊन ते पंचरंगी झाले. नव्या स्टेडियममध्ये आपल्या जिमखान्याला पुरेशी आसने मिळाली नाहीत, या कारणावरून त्या वर्षी हिंदूंचा संघ स्पर्धेतून बाहेर राहिला. म्हणजे स्टेडियम मिळाले, पण आसनांच्या वाटणीपायी एक प्रमुख संघच मैदानावर उतरला नाही.

हाच प्रश्न पस्तीस वर्षांनंतर पुन्हा उभा राहिला. स्टेडियम क्लबच्या मालकीचे, तर कसोटी सामने भरविण्याची जबाबदारी मुंबई क्रिकेट संघटनेची. संघटनेच्या वाट्याला किती आसने द्यावयाची यावर एकमत होईना. अखेर संघटनेचे अध्यक्ष आणि महाराष्ट्र विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र स्टेडियम बांधण्याचा निर्धार केला. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे तेरा महिन्यांत ते पूर्ण झाले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइड यांच्या नाबाद २४२ धावांसाठी तो सामना स्मरणात आहे. लॉइड यांचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावलेल्या एका तरुणाला पोलिसांनी मारहाण केली, तेव्हा प्रेक्षक प्रक्षुब्ध होऊन खेळ थांबला, हेही त्या सामन्याच्या इतिहासात नमूद आहे. गर्दीशी कसे वागावे, हाही स्टेडियमच्या व्यवस्थेचाच भाग असतो.

वानखेडे स्टेडियम उभे राहिल्यावर ब्रेबर्नवर १९७३ नंतरचा पुरुषांचा कसोटी सामना होण्यास २००९ साल उजाडावे लागले. एका किलोमीटरच्या आत दोन मोठी स्टेडियमे आणि त्यांपैकी एकास छत्तीस वर्षांची कसोटी-विश्रांती. वानखेडे स्टेडियमने मुंबईकरांना पुढे खूप काही दिले. २ एप्रिल २०११ चा विश्वचषकाचा अंतिम सामना नव्याने बांधलेल्या याच वास्तूत झाला. या पुनर्बांधणीत आसनसंख्या वाढविण्याऐवजी सुमारे ३३ हजारांवर आणण्यात आली, जेणेकरून प्रत्येकाला नीट बसता यावे. वानखेडे यांच्या जिद्दीविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट आपण शिकावी. उपयोगाचे आणि वाटपाचे नियम बांधकामाआधी लेखी ठरले असते, तर कदाचित एकाच वास्तूत दोन्ही संस्थांचे भागले असते.

भिंतीविना मैदाने

एवढी मोठी स्टेडियमे मुंबईत असताना मुंबईचे खेळाडू घडले कोठे? दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली महापालिकेने लोकांसाठी खुले केले आणि १९२७ मध्ये त्यास छत्रपतींचे नाव दिले गेले. तेथे प्रेक्षागार नाही. आहे तो भोवतालचा बसका कट्टा. त्याच मैदानावर रमाकांत आचरेकर यांनी मुलांना क्रिकेटचे धडे दिले. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तीही ब्रेबर्नवर किंवा वानखेडेवर नव्हे, तर आझाद मैदानाच्या मोकळ्या हिरवळीवर. स्टेडियममध्ये खेळाडू दिसतो. तो घडतो मात्र मैदानावर. हे दोन्ही जेथे एकत्र साधते तेथे उत्तमच, परंतु दोहोंपैकी एकच परवडणार असेल, तर काय निवडावे याचे उत्तर या इतिहासात आहे.

आपल्याच जिल्ह्याशी नाते सांगणारे एक उदाहरण देतो. रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण या गावावरून ज्यांचे आडनाव आले, ते बाळू पालवणकर हे भारताचे पहिले थोर फिरकी गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते तयार झाले. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घेण्यात आले, पण ते चर्मकार समाजातील म्हणून चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडू त्यांच्या हातचा चाले, कपबशी चालत नसे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीही संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. ज्या मंडणगड तालुक्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आहे, त्या तालुक्यात क्रीडांगणाचा विचार करताना हा इतिहास विसरून चालणार नाही. मैदान कोणत्या वाडीच्या बाजूस आहे, तेथे कोणाची मुले निःसंकोचपणे येतात, पाण्याचा हंडा कोणासाठी भरलेला असतो, हे प्रश्न क्षेत्रफळाइतकेच महत्त्वाचे आहेत.

तीच गोष्ट मुलींची. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. स्टेडियम प्रेक्षकांनी तुडुंब भरले होते. ज्या ऑलिंपियात विवाहित स्त्रियांना सामना पाहण्याचीही मुभा नव्हती, तेथपासून येथपर्यंतचे अंतर फार मोठे आहे. पण आपल्या गावच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सात या वेळात किती मुली दिसतात, ते आपण आपल्याशीच तपासून पाहावे.

संकटकाळचे छप्पर

मोठ्या स्टेडियमांचा उपयोग केवळ खेळापुरता राहिलेला नाही. तेथे सभा होतात, शपथविधी होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात. परंतु त्यांची खरी कसोटी लागते ती आपत्तीच्या वेळी. ऑगस्ट २००५ मध्ये ‘कॅटरिना’ वादळ अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरावर आदळले, तेव्हा हजारो नागरिकांनी १९७५ साली खुल्या झालेल्या ‘सुपरडोम’मध्ये आश्रय घेतला. वाऱ्याने छपराचा काही भाग उडाला, वीज गेली, पाणी बंद पडले, शौचालये निकामी झाली. भिंती उभ्या होत्या, पण आत माणसांचे अतोनात हाल झाले. त्यांपैकी अनेकांना नंतर ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये हलविण्यात आले. तेथे अंथरुणे, अन्न, औषधे यांची व्यवस्था आधी करून ठेवलेली असल्यामुळे त्याच प्रकारच्या वास्तूने वेगळे फळ दिले. मुंबईतही २०२० च्या महामारीत वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमच्या आवारात कोविड रुग्णांसाठी उपचार केंद्र उभारण्यात आले होते.

त्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळाने आपल्या मंडणगड व दापोली तालुक्यांवर काय प्रसंग आणला, हे आपणांस मी सांगावयास नको. घरांची कौले आणि पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली, आंबा आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, दिवसेंदिवस वीज नव्हती. म्हणून तालुक्यात जेव्हा केव्हा क्रीडा सभागृह बांधण्याचा विचार होईल, तेव्हा ते वादळातही टिकेल असे असावे. पाण्याची टाकी, विजेची पर्यायी सोय आणि पुरेशी शौचालये त्याच आराखड्यात असावीत. एरवी त्यात मुले कबड्डी व बॅडमिंटन खेळतील, संकटात तेच माणसांचे आश्रयस्थान होईल. दोन उपयोगांसाठी केलेला एक खर्च नेहमीच शहाणपणाचा असतो.

आपल्या तालुक्यापुरते

आता प्रत्यक्ष व्यवहाराच्या काही गोष्टी. चारशे मीटरच्या प्रमाणित धावपट्टीस सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा लागते, म्हणजे चार एकर. अशी जागा तालुक्यात एखाददुसऱ्या ठिकाणीच निघेल. पण कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. महिलांचे १२ व ८. खो-खोस २७ व १६ मीटर पुरतात, व्हॉलीबॉलला १८ व ९. ज्या गावाला चार एकर मिळत नाहीत, त्या गावाला अर्ध्या एकरातही कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल अशी तिन्ही मैदाने आखता येतात. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातही शाळेला खेळाचे मैदान असणे हे मानक सांगितले आहे. शाळेचे मैदान आणि गावाचे मैदान एकच करता आले, तर देखरेखीचा निम्मा प्रश्न सुटतो.

कोकणात मैदानाचा पहिला शत्रू म्हणजे पाऊस. चार महिन्यांच्या मुसळधार सरींत उताराची माती वाहून जाते आणि सपाटीवर पाणी साचते. म्हणून मैदान तयार करताना पहिला रुपया पाणी वाहून नेणाऱ्या गटारांवर खर्च व्हावा. मधला भाग किंचित उंच, कडेने चर आणि वरच्या अंगाला डोंगरावरून येणारे पाणी वळविणारा बांध, एवढे नीट केले तर पावसाळ्यानंतर मैदान लवकर खेळण्याजोगे होईल. सड्यावरील कातळ फोडून मैदान करण्यापूर्वी तेथे माती किती आणावी लागेल आणि ती टिकेल कशी, याचा हिशेब तांत्रिक अधिकाऱ्यांकडून करून घ्यावा.

प्रेक्षकांचे काय? आपल्याकडे शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा सामन्यांना गर्दी उसळते. ते दिवस वर्षात फार तर दहा-पंधरा. तेवढ्यासाठी काँक्रीटचे प्रेक्षागार बांधण्याची आवश्यकता नाही. आपल्या गावांना निसर्गाने डोंगराचा उतार दिलेला आहे. मैदान उताराच्या पायथ्याशी घ्यावे, उतारावर जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या टप्प्याटप्प्याने बसवाव्यात, मधून पाण्याला वाट ठेवावी आणि वरच्या अंगाला सावलीची झाडे लावावीत. ऑलिंपियाचे लोक उतारावर बसूनच सामने पाहत होते. चिरा आपला, गवंडी आपले, आणि पायऱ्या पुढच्या वर्षी वाढवावयाच्या झाल्या तर हरकत नाही.

यानंतरचा विषय निगा राखण्याचा. उद्‌घाटनाच्या दिवशी हार घालावयास अनेक हात पुढे येतात. गवत काढावयास आणि फक्की मारावयास मोजकेच येतात. म्हणून मैदानाची मंजुरी मागतानाच ग्रामसभेने चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. जागेचा सातबारा कोणाच्या नावे आहे आणि ती खेळासाठीच राहील याची हमी कोणती. देखभालीसाठी दरवर्षी किती रक्कम बाजूला ठेवावयाची. मैदानाचे वेळापत्रक काय, आणि त्यात मुलींसाठी राखून ठेवलेले तास कोणते. आणि मंडप, जत्रा किंवा वाहनतळ यांसाठी मैदान दिलेच, तर ते पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कोणाची. मुंबईत जो वाद पहिल्याच हंगामात उद्‌भवला आणि पस्तीस वर्षांनी पुन्हा उफाळला, तो या चार ओळी आधी लिहिल्या गेल्यास आपल्याकडे उद्‌भवणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी वेगळी विनंती आहे. मैदान ही वास्तू नव्हे, ती सवय आहे. शिट्टी घेऊन रोज संध्याकाळी एक तास उभा राहणारा शिक्षक ज्या गावात आहे, त्या गावात शेतातली कापणी झाल्यावर उरणारी मोकळी जागासुद्धा क्रीडांगण होते. तो नसेल, तर कोट्यवधी रुपये खर्चूनही फक्त कुंपण उभे राहते. पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभारली गेली आणि २००८ साली तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही झाल्या. त्या मैदानापर्यंत मंडणगडची मुलगी पोहोचावी असे आपल्याला वाटत असेल, तर तिची पहिली धाव आपल्याच गावात सुरू झाली पाहिजे.

आज जगातील सर्वांत मोठे क्रिकेट स्टेडियम आपल्याच देशात, अहमदाबाद येथे आहे. त्यात १ लाख ३२ हजार प्रेक्षक बसू शकतात. देशाला अशा वास्तूंचाही अभिमान असावा, आणि राष्ट्रीय पातळीवर त्यांची गरज आहेच. पण गावाचा हिशेब वेगळा असतो. किती जण बसू शकतात यापेक्षा किती जण खेळू शकतात, हा त्याचा आकडा आहे. पुढील ग्रामसभेत क्रीडांगणाचा ठराव आपल्यासमोर येईल, तेव्हा नकाशातील पायऱ्या मोजण्यापूर्वी आपल्या गावातील सहा ते अठरा वयोगटातील मुलामुलींची संख्या मोजावी, आणि त्यांतील प्रत्येकाला आठवड्यातून किमान तीन दिवस खेळावयास मिळेल अशी जागा प्रथम मागावी. तेवढी जागा मिळाली आणि राखली गेली, तर सामने पाहावयास लोक आपोआप येतील.